धिप्पाड जजसाहेब आणि त्यांचं फिरतं कोर्ट

पक्षकारांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मात्र कोर्टच गावोगाव फिरायचं. पुढे घोडागाडीत जज, मागे वकिलांचा तांडा. आठव्या सर्किटच्या (फिरत्या कोर्टाच्या हद्दीच्या) अशा तांड्याचे म्होरके होते डेव्हिड डेव्हिस (१८१५–१८८६). त्यांच्या तांड्यात एक लंबूटांग वकीलही असे, अब्राहम लिंकन.

वजनदार असामी : जजसाहेबांचं वजन सुमारे ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो! त्यांच्या विजारीच्या मापाला शिंपी नको, जमीन मोजणारा बोलवा, अशी थट्टा चालायची. मुक्कामाच्या खानावळीत वकील एकेका खाटेवर दोघं-दोघं दाटीवाटीने झोपत. जजसाहेबांना मात्र अख्खी खाट.

वर्षाला दोन फेऱ्या : १८४८ ते १८६२ अशी चौदा वर्षं ते या सर्किटचे जज होते. सुरुवातीला हद्दीत १४ काउंटी होत्या. एक फेरी वसंतात, दुसरी शरदात. वाटेत गुडघाभर चिखल, फुगलेले ओढे. एका गावचं काम आटोपलं की बाडबिस्तरा उचलून पुढच्या गावी.

बदली जज : डेव्हिस यांना कुठे जावं लागलं, तर खुर्चीत लिंकन! काल समोर उभं राहून युक्तिवाद करणारा वकील आज निकाल देतोय, याचं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटत नसे.

कमी फी हाच गुन्हा : लिंकन यांचे सहकारी वॉर्ड हिल लॅमन यांनी एका अशिलाकडून २५० डॉलर घेतले. लिंकननी त्यांतले निम्मे परत करायला लावले. डेव्हिस भडकले. असल्या किरकोळ फीमुळे सगळ्याच वकिलांची उपासमार होईल! रात्री वकिलांचं लुटुपुटीचं कोर्ट भरलं, लिंकन दोषी ठरले आणि त्यांनी हसत हसत दंडही भरला. ही हकिकत खुद्द लॅमननीच लिहून ठेवली आहे.

दोस्तीला जागले : १८६०मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकनना रिपब्लिकन उमेदवारी मिळवून देणारी फौज बरीचशी याच तांड्यातली होती. सेनापती अर्थात डेव्हिस. ‘माझ्या नावावर कुणाला शब्द देऊ नका,’ अशा अर्थाचा लिंकन यांचा निरोप आला होता. डेव्हिसनी त्याकडे चक्क काणाडोळा केला, असं सांगतात.

पण मिंधे नव्हते : १८६२मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकननी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. १८६६च्या मिलिगन खटल्यात त्याच डेव्हिसनी निकाल लिहिला, की नागरी न्यायालयं सुरू असताना सामान्य नागरिकावर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालवता येणार नाही. लष्करी खटल्यांची ही पद्धत लिंकन यांच्याच कारकिर्दीतली!

एका मताचा घोळ : १८७६ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. निवाड्यासाठी १५ जणांचा आयोग ठरला. दोन्ही पक्षांचे सात-सात आणि पंधरावे अपक्ष डेव्हिस, असा हिशेब होता. तेवढ्यात इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिलं आणि त्यांनी आयोगाला नकार कळवला. त्यांच्या जागी रिपब्लिकन न्यायाधीश आले. आठ विरुद्ध सात मतांनी रिपब्लिकन उमेदवार हेज अध्यक्ष झाले.

एकच पायरी खाली : १८८१मध्ये अध्यक्ष गारफील्ड यांची हत्या झाली. उपाध्यक्ष आर्थर अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षपद रिकामं राहिलं. त्यामुळे सिनेटचे हंगामी अध्यक्ष या नात्याने १८८३पर्यंत वारसाक्रमात पहिलं नाव होतं डेव्हिस यांचं. आर्थरनी कार्यकाळ पूर्ण केला, नाहीतर त्या तांड्याने देशाला दोन राष्ट्राध्यक्ष दिले असते!