उघड्या दाराची अभ्यास-बैठक

कॉलेजच्या पहिल्या वर्षीं घरांतील मुलगा एखाद्या विषयांत नापास झाला, कीं कारण शोधण्यास कोणाला फारसा वेळ लागत नाहीं. "अभ्यास केला नाहीं," असें वडील म्हणतात. "प्राध्यापक नीट शिकवीत नाहींत," असें मुलगा म्हणतो. आणि दोघांची तडजोड म्हणून खासगी शिकवणी लावली जाते. या सर्वांच्या मुळाशीं एकच समजूत असते. ज्ञान वरून खालीं येतें. एकदां पोंचलें नाहीं, तर आणखी एकदां वरून ओतावें! या समजुतीची वाट सोडून काढलेला एक वेगळा मार्ग आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

इ. स. १९७३ सालीं अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेंत डिअ‍ॅना मार्टिन या विदुषीनें या मार्गाचा आरंभ केला. वैद्यक, दंतवैद्यक, औषधशास्त्र अशा शिक्षणक्रमांतून निवडून घेतलेले विद्यार्थीहि मध्येंच गळूं लागले होते. अशा वेळीं नेहमींचा उपाय म्हणजे कच्चे विद्यार्थी वेंचून त्यांचा निराळा वर्ग भरविणें. मार्टिनबाईंनीं विद्यार्थी न वेंचतां विषय वेंचले. ज्या विषयांत शेंकडा ३० किंवा अधिक विद्यार्थी अगदीं खालच्या श्रेणींत राहतात, नापास होतात किंवा विषयच सोडून देतात, तो विषय कठीण ठरवावयाचा, आणि त्याच्या सर्व विद्यार्थ्यांकरितां अभ्यासाची बैठक उघडी ठेवावयाची, अशी ही योजना होती. तिला 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन', म्हणजे पूरक शिक्षण, असें नांव मिळालें. ऑस्ट्रेलिया व ब्रिटन या देशांत तीच पद्धति थोड्याबहुत फरकानें 'पास' या संक्षिप्त नांवानें रूढ झाली.

या निवडीचें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. कच्च्यांच्या वर्गाला जाणें म्हणजे आपण कच्चे आहों हें चारचौघांत कबूल करणें. म्हणून ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक, तोच पुष्कळदां त्या वर्गापासून दूर राहतो. कठीण विषयाच्या बैठकीला मात्र पहिल्या श्रेणीचा विद्यार्थीहि येतो आणि काठावरचाहि. तेथें येण्याची सक्ति नसते, आणि फीहि नसते. आठवड्यांतून सामान्यतः तीन वेळां बैठक भरते. ज्याला जी सोयीची वाटेल, तीस त्यानें यावें. या बैठका सत्राच्या आरंभींच सुरू करतात, कारण पहिल्या परीक्षेंत हबकलेला विद्यार्थी मनानें त्या विषयाला रामराम ठोकून बसतो.

बैठक चालविणारा प्राध्यापक नसतो. तोच विषय पूर्वीं चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झालेला एखादा विद्यार्थी निवडून त्यास प्रशिक्षण व मानधन देतात. त्यानें त्या विषयाच्या व्याख्यानांना पुनः हजर राहावयाचें, टिपणें घ्यावयाचीं, नेमलेलें वाचन करावयाचें. गुण देण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणूनच त्याच्यापुढें "मला हें समजलें नाहीं" असें म्हणण्यांत कांहीं गमावण्याचें भय नसतें. मात्र त्याला एक कडक नियम पाळावा लागतो. व्याख्यान पुनः द्यावयाचें नाहीं, आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर एकदम सांगावयाचें नाहीं. तो प्रश्न मंडळींपुढेंच परत ठेवावयाचा.

समजा, रसायनशास्त्राच्या बैठकींत प्रश्न निघाला, कीं ४ ग्रॅम हायड्रोजन व १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी जास्तींत जास्त किती मिळेल? एक विद्यार्थी बेरीज करून २० ग्रॅम म्हणतो. दुसरी विद्यार्थिनी २ ग्रॅम हायड्रोजनापासून १८ ग्रॅम पाणी होतें हें आठवून ३६ ग्रॅम सांगते. शिकवणीचे मास्तर येथें फळ्यावर बरोबर उत्तर लिहून मोकळे होतील. बैठकीचा मार्गदर्शक विचारतो, "३६ ग्रॅम पाणी व्हावयास ऑक्सिजन किती लागेल?" हिशेब होतो: ३२ ग्रॅम. "आणि आपल्यापाशीं आहे किती?" निम्मा! मग कोणी तरी म्हणतें, "म्हणजे ऑक्सिजन आधीं संपतो. पाणी १८ ग्रॅमच होईल, आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरेल." आतां २० म्हणणाऱ्यालाहि आपली गफलत उमगते. त्याची बेरीज बरोबर होती. परंतु ती सगळी पाण्याची नव्हती. या दहा मिनिटांत मुलांच्या हातीं केवळ एक उत्तर आलें नाहीं. "कोणता पदार्थ आधीं संपतो?" असें स्वतःस विचारण्याची संवय लागली, आणि ती पुढील सर्व गणितांत उपयोगी पडते. एकमेकांचीं टिपणें ताडून पाहणें, लांबलचक प्रकरणाचा एका कोष्टकांत सारांश मांडणें, परीक्षेंत काय विचारतील याचा अंदाज करून स्वतःच प्रश्न तयार करणें, या गोष्टीहि याच रीतीनें विषयाच्या ओघांत अंगवळणीं पडतात.

विद्यार्थ्यानें विद्यार्थ्याला शिकवावें, ही कल्पना आपल्या देशाला नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेंत सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालविणारे अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं. तो प्रकार त्यांनीं आपल्या शाळेंत आणला, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची व्यवस्था बसविली, आणि १७९७ सालीं लंडनमध्यें तिचा वृत्तान्त छापला. परंतु त्या रीतींत मोठा मुलगा हा मास्तरांचा प्रतिनिधि होता. लहानांकडून धडा म्हणवून घेणें हें त्याचें काम. कॅन्सस सिटीच्या पद्धतींत मार्गदर्शकानें मास्तर व्हावयाचें नाहीं, हेंच मुख्य.

ज्यांना असा सहवास मिळत नाहीं, त्यांचें काय होतें? बर्कली येथील विद्यापीठांत यूरी ट्राइझमन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत याचा शोध घेतला. कॅल्क्युलस शिकणाऱ्या २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम त्यांनीं पाहिला. पहिल्या गटांत नापासांचें प्रमाण मोठें होतें. त्याचें कारण आळस, असें मानणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षांत तीं मुलें मन लावून अभ्यास करीत. पण जवळजवळ सारीं एकेकटीं. चिनी वंशाचे विद्यार्थी आधीं एकटे अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांचीं उत्तरें तपाशीत. एकट्या मुलाला अडलेलें गणित हें आपल्या बुद्धीचें अपयश वाटे. मंडळींत बसणाऱ्याला तेंच गणित सर्वांना अडलेलें दिसे. पुढें ट्राइझमन यांनीं अवघड गणितांच्या सामुदायिक कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल पुष्कळ सुधारले.

आतां एक शंका रास्त आहे. बैठकीला आपखुशीनें येणारे विद्यार्थी मुळांतच उद्योगी असतील, तर यशाचें श्रेय बैठकीला कसें द्यावें? २००१ ते २०१० या काळांतील अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बैठकीला येणाऱ्यांचे सरासरी गुण अधिक, आणि नापास होण्याचें व विषय सोडण्याचें प्रमाण कमी आढळलें. तथापि ज्या योजनेंत येणें ऐच्छिक आहे, तेथें हा पेंच पूर्णपणें सुटणें कठीण. म्हणून हिला रामबाण म्हणूं नये. प्राध्यापकांचें पाठबळ नसेल, किंवा मार्गदर्शकानेंच व्याख्यान झोडण्यास आरंभ केला, तर बैठकीची शिकवणी होण्यास वेळ लागत नाहीं.

या योजनेला लागणारें साहित्य फार नाहीं. एक खोली, एक फळा, विषयाच्या प्राध्यापकाची अनुमति, आणि उत्तर ठाऊक असूनहि क्षणभर गप्प राहूं शकणारा एक विद्यार्थी, एवढ्यावर तिचा आरंभ होऊं शकतो. घरच्या वडील माणसांनींहि यांतून एक गोष्ट घ्यावी. संध्याकाळीं आपली मुलगी वह्या घेऊन मैत्रिणींकडे अभ्यासाला निघाली, तर "तेथें गप्पाच होणार" म्हणून तिला अडवूं नये. परत आल्यावर किती पानें वाचलीं हें न विचारतां, कोणता प्रश्न अडला आणि तो कसा सुटला, हें विचारावें. जो मुलगा किंवा जी मुलगी "मला येत नाहीं" हें समवयस्कांत मोकळेपणानें बोलूं शकते, तिच्यावर तो विषय, किंबहुना कॉलेजच, सोडण्याची पाळी सहसा येत नाहीं.