पडवीतली फटफटी

आमच्या भागातली वडीलधारी माणसे मोटारसायकलला अजून फटफटीच म्हणतात. आजच्या गाड्या तसा आवाज करीत नाहीत, पण शब्द सोयीचा आहे, तेव्हा मीही तोच वापरतो. बोलायचे आहे ते मात्र एका विशिष्ट तऱ्हेच्या फटफटीविषयी. राजदूत, येझ्दी आणि बुलेट यांचा काळ ओसरल्यावर आपल्याकडे लांब पल्ल्याच्या, जरा जोरकस गाड्या येऊ लागल्या. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी पल्सर २००१ साली आली, करिझ्मा २००३ साली, आणि पल्सरचाच २२० सी.सी.चा मोठा भाऊ २००७ साली. पुढे काच आणि प्लॅस्टिकचे अर्धे कवच, मोठी टाकी, निदान पुढच्या चाकाला तरी डिस्क ब्रेक. शहापूरहून सकाळी निघावे आणि जेवणाच्या वेळेला अमरावती गाठावी, अशी ती गाडी. ज्यांनी त्या वेळी नव्या नोकरीच्या पगारातून अशा गाड्या घेतल्या, ते आता चाळिशीत आहेत, आणि गाड्या पडवीत उभ्या आहेत.

माझीही त्यांच्यातलीच एक. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. आकाशवाणीवरून जाहिरात नको, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात दोष त्या कंपनीचा नाही, माझा आहे. गाडी २००८ ची. २०२० साली महाविद्यालये बंद झाली तेव्हा ती पडवीत लागली ती लागलीच. २०२५ च्या उन्हाळ्यात माझा भाचा नागपूरला शिकायला जायचे म्हणून ती मागायला आला. काट्यावर आकडा बघून म्हणाला, "मामा, एक्केचाळीस हजारच तर चाललीय. नवी बॅटरी टाकली की झालं!"

पुष्कळांची हीच समजूत असते. गाडी किती चालली यावरून आपण तिचे वय ठरवतो. इंजिनाच्या पोलादी भागांपुरते ते बरोबरही आहे. पण फटफटीत रबर आहे, ब्रेकचे तेल आहे, पेट्रोल आहे. या गोष्टी किलोमीटर मोजत नाहीत, त्या उन्हाळे-पावसाळे मोजतात. आणि भंडाऱ्याकडचे उन्हाळे-पावसाळे कसे असतात, ते मी सांगायला नको.

भाच्याला मी पहिल्यांदा टायर दाखवला. नक्षी चांगली खोल होती, तो खूश झाला. मग म्हटलं, बाजूला काय कोरलंय ते वाच. टायरच्या कडेला लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर ३७१४ होते, म्हणजे २०१४ सालच्या सदतिसाव्या आठवड्यात, सप्टेंबरात, तो तयार झाला. मी इतिहास शिकवतो. पवनीच्या उत्खननात निघालेले ब्राह्मी लेख वाचायला अभ्यास लागतो, हा लेख वाचायला मात्र ओली चिंधी पुरते. तरी गाडी बाळगणारे बहुतेक लोक तो कधी वाचत नाहीत. अकरा वर्षांच्या रबराचा मऊपणा जातो, कडेला केसासारख्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात, डांबरावर धूळ-तेलाचा राप भिजलेला असताना, असा टायर रस्ता धरीत नाही. पाच-सहा वर्षांनंतर दरसाल बारकाईने पाहावा, आणि दहा झाली की नक्षी कितीही शाबूत असो, टायर उतरवावा. बैलगाडीला चालतो, फटफटीला नाही.

टायरनंतर ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याच बाबतीत मी स्वतः मरता मरता वाचलो आहे.

२०१५ च्या डिसेंबरात मी याच गाडीवर चिखलदऱ्याला गेलो होतो. परत येताना परतवाड्याकडचा घाट उतरत होतो. वळणावळणाला पुढचा ब्रेक दाबत होतो. अर्ध्या वाटेवर ब्रेकची दांडी एकाएकी मऊ लागली, आणि पुढच्या वळणाला थेट मुठीला टेकली. मागचा ब्रेक आणि गिअर यांच्या आधारानं कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घातली. अर्ध्या तासाने चाक निवले आणि दांडी पुन्हा पहिल्यासारखी घट्ट! भूत-बीत काही नव्हतं. सात वर्षांत मी ब्रेकचे तेल एकदाही बदलले नव्हते, इतकेच.

असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे, आणि शिक्षकांना ते वर्गात दाखवताही येईल. सुई नसलेली एक इंजेक्शनची पिचकारी घ्या, पाण्याने पूर्ण भरा, तोंड बोटाने घट्ट दाबून धरा आणि दांडा दाबा. दांडा हलत नाही. आता निम्मी हवा ठेवून तेच करा. दांडा आत जातो. द्रव दबत नाही, वायू दबतो. ब्रेकचे सारे काम पहिल्या गोष्टीवर चालते. हाताने दांडीवर दिलेला दाब तेलातून चाकापर्यंत पोचतो आणि तिथल्या गुटक्यांच्या जोडीला चकतीवर दाबतो. पण या तेलाचा एक स्वभाव आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ना, तसे हे तेल हवेतली ओल ओढून घेते, रबरी नळीतून आणि झाकणाच्या फटीतून सुद्धा. डॉट ४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात शेकडा ३.७ भाग पाणी मुरले की त्याची हमी १५५ अंशांवर येते. घाटात चकती तापते, उष्णता तेलापर्यंत जाते, तेल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते. निवल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते, म्हणून दांडी घट्ट होते आणि आपल्याला वाटते की बिघाड आपोआप गेला.

हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालो न चालो. काम घरी होते, फक्त दोघे जण हवेत आणि घाई नको. हँडलवर तेलाची छोटी डबी असते. तिच्या भोवती टाकीवर ओले फडके टाका, कारण हे तेल रंग खाते. कुठे सांडले तर लगेच पाण्याने धुवा. झाकणाचे स्क्रू मऊ असतात, बरोबर बसणारा पेचकस नसेल तर हात लावू नका, उसना आणा. झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात कोणते तेल ते लिहिलेले असते, तेच आणा, आणि सीलबंद बाटली आणा. मागच्या साली उघडून ठेवलेली बाटली म्हणजे पैसे देऊन जुने तेल घालणे.

खाली चाकापाशी, ज्याला मिस्त्री कॅलिपर म्हणतात त्यावर, एक बारीक निपल असते. त्यावर आधी रिंगपाना बसवा, मग पारदर्शक नळी चढवा, आणि नळीचे दुसरे टोक बाटलीत थोड्या ताज्या तेलात बुडवून ठेवा, म्हणजे हवा उलटी ओढली जाणार नाही. आता वरच्याने दांडी हळू दाबून धरायची. खालच्याने निपल पाव फेरा सैल करायचे. जुने तेल नळीत येईल आणि दांडी मुठीकडे जाईल. निपल आवळायचे, आणि मगच दांडी सोडायची. हा क्रम उलटा झाला की हवा आत शिरलीच. दर चार-पाच वेळांनी वरच्या डबीत नवे तेल घालायचे, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. आमच्या गाडीतून पहिल्यांदा आले ते तेल काळ्या चहासारखे होते. नळीत स्वच्छ, पिवळसर, बिनबुडबुड्यांचे तेल दिसेपर्यंत आम्ही चालवले, त्यात पाऊण तास गेला.

झाकण लावल्यावर दांडी दाबून धरा. ती दगडासारखी थांबली पाहिजे. हळूहळू आत जात असेल किंवा कुठे ओल दिसत असेल, तर आतली रबरी सीले गेली आहेत. इथे घरचे काम संपले, मिस्त्रीकडे न्या. यात कमीपणा नाही. मी स्वतः इंजिनाच्या व्हॉल्व्हला आणि पुढच्या शॉकअबला हात लावत नाही. घरी करण्याची कामे आणि न करण्याची कामे यांची रेघ प्रत्येकाने आपल्या हाताच्या सवयीने आखावी, पण ब्रेकच्या बाबतीत ती रेघ आपल्या अभिमानाच्या जरा अलीकडेच असावी.

आता पेट्रोल. माझ्या टाकीत पाच वर्षांचे पेट्रोल होते आणि त्याला वार्निशासारखा वास येत होता. ते सगळे काढून टाकले. आजच्या पेट्रोलचा प्रश्न आणखी निराळा आहे. त्यातल्या इथेनॉलचे प्रमाण वाढत वाढत २०२५ साली वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाण्याला आपलेसे करते, आणि पाणी जास्त झाले की दोघेही पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तिथून गंज सुरू होतो. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वायसर अशा पेट्रोलसाठी केलेले नव्हते. ते फुगतात, चिकट होतात. म्हणून पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्या, खर्च किरकोळ आहे. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून तेवढे पेट्रोल बाटलीत काढून घ्यावे. हे काम उघड्या अंगणात करावे. जवळ चूल, गॅस, उदबत्ती काही नको.

कार्ब्युरेटरात सुईच्या टोकाएवढ्या छिद्राचे पितळी जेट असतात. ते तुंबले की पुष्कळ लोक तार घालतात. पितळ किती मऊ असते हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगावे लागू नये! तारेने छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर फवारावा आणि पंपाची हवा मारावी.

एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत धानाचा कोंडा आणि माझ्या मफलरचे तुकडे. उंदरांनी दोन-तीन हिवाळे तिथे सुखाने काढले असावेत. कवचाखालच्या दोन तारांचे आवरणही कुरतडलेले होते. असे कवच असल्यामुळेच पुष्कळ मिस्त्री अशा गाडीला हात लावायला नाखूश असतात, कारण काढायचे पंधरा-वीस स्क्रू आणि प्रत्येकाची लांबी वेगळी. मी एका पुठ्ठ्यावर गाडीचे चित्र काढतो आणि जो स्क्रू जिथून काढला तिथेच चित्रात टोचून ठेवतो. लांब स्क्रू आखूड जागी गेला की प्लॅस्टिक तडकते.

चेनबद्दल एकच गोष्ट हात जोडून सांगायची आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, गिअरात फिरत्या चेनला फडके लावू नका. फडके दातांत अडकते आणि त्याच्यामागे बोटे जातात. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चाक हाताने फिरवायचे. चेन रॉकेलने पुसावी, पेट्रोलने नाही. मग आतल्या बाजूने ९० नंबरचे तेल द्यावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. चेन किती ढिली असावी तो आकडा पुस्तकात असतो. चाक फिरवत जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथे मोजावे, नाहीतर ढिल्या जागी ताणलेली चेन ताठ जागी तुटायला येते.

इंजिनात ज्याच्या डब्यावर जासो एम.ए. लिहिले आहे तेच तेल घालावे. मोटारीचे नको, कारण फटफटीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या तेलाने तो घसरू शकतो. काढलेले काळे तेल बांधीत किंवा नाल्यात ओतू नका, गॅरेजवाला घेतो. बॅटरी नवी टाकली. भाच्याचे तेवढे बरोबर होते.

कागदांचेही वय असतेच. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आमची २०२३ सालीच संपली होती. नूतनीकरणाला परिवहन कार्यालयात गाडी दाखवावी लागते, मग पुढची पाच वर्षे मिळतात. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावरून कशी न्यायची? आम्ही ती छोट्या हत्तीत घालून नेली. विमा आणि धुराचे प्रमाणपत्रही नवे घेतले.

एवढे करून भाचा निघाला तो नागपूरला नव्हे. आधी गावातल्या गावात, पायी चालण्याच्या वेगाने, नुसते ब्रेक दाबून पाहिले. मग भंडाऱ्यापर्यंत जाऊन परत. आल्यावर चाकाला हात लावून पाहिला, तापले नव्हते, म्हणजे ब्रेक धरून राहत नव्हता. चेन पुन्हा मोजली, नव्या नळ्यांच्या जोडाखाली कोरडा कागद फिरवला, दोन्ही आसांचे नट पान्याने पाहिले. मागचा पाव फेरा आवळावा लागला. दुसऱ्या रविवारी तो महामार्गाने नागपूरला गेला, आणि जाताना टायरवरचे चार आकडे त्याने स्वतःच पुन्हा एकदा वाचले.