देवी झोपली आहे

उमरग्याला माझी आत्या राहत असे. दसऱ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो, की एक वाक्य हटकून कानी पडे, "हळू बोल रे, देवी झोपलीय!" सीमोल्लंघन आटोपले, की तुळजापूरची भवानी कोजागिरीपर्यंत पलंगावर निद्रा घेते. मूर्ती सिंहासनावरून उचलून तिला खरोखरीच निजवतात. आत्या हे ज्या स्वरात सांगे, त्याच स्वरात पुढे म्हणे, "आणि दूध आज पातळच आलंय."

मी पडलो साहित्याचा प्राध्यापक! मला मोठी गंमत वाटे.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ उजाडायचा होता. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर अशी गावे दगडामातीच्या भिंतींखाली गाडली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. सास्तूरला दिलेली आत्याची लेक त्यांतच गेली.

दिवाळीत भेटायला गेलो, तर आत्या म्हणाली, "तुझी ताई पहाटे येऊन सडा घालून गेली बघ. रांगोळीला मात्र थांबली नाही."

मी शहाणपणा केला. म्हणालो, "आत्या, तुला भास झाला."

तिने माझ्याकडे नुसते पाहिले. त्यानंतर लेकीचे नाव तिने माझ्यासमोर कधी काढले नाही.

बऱ्याच वर्षांनी गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन लेखकाची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही १९६७ सालची कादंबरी वाचली. तीत एक सुंदर मुलगी घरातल्या चादरींसकट आकाशात निघून जाते, आणि घरची सून देवाला आळवते ती चादरी परत मिळाव्यात म्हणून! १९८२ साली नोबेल मिळालेला हा लेखक सांगे, की ही रीत आपण आजीकडून उचलली. ती अघटित गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत असे.

समीक्षक याला 'जादुई वास्तववाद' म्हणतात. परीकथेत आपण घर सोडून राक्षसाच्या मुलखात जातो. इथे अघटित आपल्याच अंगणात येते, आणि कोणी दचकत नाही. कारण ते खोटे की खरे, हा प्रश्नच तिथे नसतो. जे दुःख सरळ सांगता येत नाही, ते माणूस सड्या-रांगोळीच्या भाषेत सांगतो.

आत्या आज नाही. पण दिवाळीची पहाट झाली, की वाटते, त्या दिवशी मी एवढेच विचारायला हवे होते, "का गं, ताईला एवढी कसली घाई होती?"