दम धरा, मावशी

गेल्या महिन्यात तिवशाहून मावसभावाचा फोन आला. डोळे पिवळे, थंडी वाजून ताप. पंधरा दिवसांपूर्वीच त्याची एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी, झाली होती आणि रिपोर्ट नॉर्मल होता. मी फिल्म मागितली, तर त्याच्याकडे मोबाइलवर आलेलं एकच चित्र होतं. काळ्यावर पांढरं, पानगळ झालेल्या झाडासारखं पित्तनलिकांचं जाळं. देखणं चित्र. थिन कट, म्हणजे बारीक कापांची मूळ चित्रं, कुठे आहेत म्हणून सेंटरला विचारलं, तर ते पुसले गेले होते. अखेर दुर्बीण घालून नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा काढला, तेव्हा मागून पू आला.

या तपासणीवर मी उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून हे फार लागलं.

1968 साली मॅक्यून यांनी तोंडावाटे दुर्बीण नेऊन या नलिकांमध्ये डाय सोडून दाखवला. त्या ईआरसीपीनंतर शंभरातल्या तीन ते दहा जणांचं स्वादुपिंड सुजतं, तरी कित्येक वर्षं नुसतं बघण्यासाठीही तीच करावी लागे. 1991 मध्ये जर्मनीत वॉलनर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवर नलिका दाखवल्या. सुई नाही, डाय नाही. सिग्नल टिपायला मुद्दाम उशीर करायचा. तोवर यकृत, स्नायू, चरबी विझून जातात आणि साचलेलं पाणी तेवढं उजळ राहतं. पित्त म्हणजे पाणीच. पुढे 1997 मध्ये सिक्रेटिनचं इंजेक्शन देऊन स्वादुपिंडाची नलिका फुगवून बघायची रीत आली. ते महागडं औषध आमच्यापर्यंत कधी पोहोचलं नाही.

माझा काळ 2004 ते 2014. नागपूरला धंतोलीत 1.5 टेस्ला ताकदीच्या एमआरआय मशीनवर मी टेक्निशियन होतो. तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत एसटीच्या लाल गाडीनं आमच्या तिवशाकडची माणसं येत. बहुतेकांनी आधी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवलेली' असे, गळ्यात काविळीची माळ असे. माळेतल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. घरचे म्हणत, कावीळ उतरतेय. खडा तिथंच असे.

एमआरसीपीत आम्ही तीन तऱ्हांनी चित्रं घ्यायचो: स्लॅब, हेस्ट आणि थ्रीडी. स्लॅब म्हणजे चार-पाच सेंटिमीटर जाडीचा एकच फोटो, दोन-तीन सेकंदांत. धापा टाकणाऱ्या माणसाचाही निघतो, पण पोटात पाणी झालेलं असलं की सगळं त्याच्याखाली झाकलं जातं. हेस्टचे कट तीन-चार मिलिमीटरचे. एखादा श्वास चुकला तर एकच कट बिघडतो, बाकीचे कामाचे राहतात. थ्रीडी सर्वांत बारीक, साधारण एक मिलिमीटरची. पोटावर पट्टा बांधून प्रत्येक श्वासाच्या शेवटी थोडंथोडं टिपत पाच-सहा मिनिटं चालते. माणूस घाबरला, श्वास अडखळला, की सगळीच पुसट. या थ्रीडीतून कॉम्प्युटर ते देखणं झाड काढतो. प्रत्येक रेषेवरचा सर्वांत उजळ ठिपका तेवढा उचलतो. खडा काळा, भोवतीचं पित्त पांढरं. उजळानं काळ्याला झाकलं की संपलं.

स्कॅनच्या अर्धा तास आधी आम्ही अननसाचा डबाबंद रस पाजायचो. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं आणि आतड्यातलं पाणी काळं पडतं, मागची नलिका मोकळी दिसते. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत 'साँस रोको' म्हणायचा आणि बाया घाबरून छाती भरून घ्यायच्या. मी तो बंद करून आत जायचो. टेबलाशी उभा राहून पोटावर हात ठेवायचो. "मावशी, दम सोडून द्या पुरा. आता घेऊ नोका. अशाच राहा." सोडलेल्या श्वासात छाती-पोटामधला पडदा दर वेळी त्याच जागी येतो. "जीव घाबरते बाप्पा," त्या म्हणत. चार वेळा सराव करून घेतला की पाचव्यांदा जमायचंच.

अशाच एका काकूंच्या थ्रीडीत झाड स्वच्छ आलं. थिन कटमध्ये मात्र नलिकेच्या तळाशी चार मिलिमीटरचा काळा ठिपका होता. हवेचा बुडबुडा वर तरंगतो. हा खाली बसला होता. वरिष्ठांना दाखवला, तर ऐकावं लागलं की टेक्निशियननं बटणं दाबावीत, रिपोर्ट करू नये. मी कट छापून फिल्मवर लावले. दुसऱ्या दिवशी काकूंचा खडा निघाला. त्या बोलण्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मी विसरलेलो नाही.

पुढची वर्षं जाहिरातींची. 3 टेस्ला म्हणजे सगळंच चांगलं, असं दुकानदारी थाटात सांगितलं गेलं. पोटात पाणी झालेल्या रोग्याला त्याच मशीनवर मधोमध काळे डाग पडतात, तिथे 1.5च बरं, हे कुणी बोललं नाही. आता थोडाच डेटा टिपून उरलेलं गणितानं भरायची पद्धत आली आहे. पंधरा-वीस सेकंदांत, एका दमात थ्रीडी. दमेकऱ्यांना, म्हाताऱ्यांना हे वरदान आहे, मी ते मनापासून म्हणतो. पण वाचलेल्या पाच मिनिटांत हेस्टचे कट घ्यायचे सोडून पुढचा पेशंट आत घेतात. रिपोर्ट दूर कुठंतरी बसलेला माणूस लिहितो. टेबलावरच्या मावशीनं दम धरला होता की नाही, हे त्याला कोण सांगणार?

भाऊ आता घरी आहे, जेवतोय. नलिकेत ठेवलेला स्टेंट काढायच्या आधी पुन्हा एमआरसीपी सांगितली आहे. मी सोबत जाणार आहे. थिन कटची सीडी हातात पडेपर्यंत तिथून हलणार नाही.