बाळाच्या मूत्रपिंडाला कोणती सुई?

सुईचें नांव निघालें कीं मुलाआधीं आईबापांच्या पोटांत गोळा येतो. त्यांतून 'तान्ह्याच्या पाठींतून मूत्रपिंडांत सुई घालावी लागेल' असें डॉक्टरांनीं सांगितलें, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'सर्वांत बारीक सुई घ्याल ना?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु उत्तर इतकें सोपें नाहीं.

मूत्रपिंडांतील मूत्र मूत्रवाहिनीवाटे मूत्राशयांत उतरतें. कांहीं मुलांत ही वाट जन्मतःच अरुंद असते. मूत्र तुंबतें, मूत्रपिंड फुगतें. आणि त्या तुंबलेल्या मूत्रांत जंतू माजले, तर विकार रक्तांत पसरून जिवावर बेततें. अशा वेळीं पाठीच्या बाजूनें सुई, सुईंतून तार व तारेवरून नळी सरकवून मूत्राला बाहेर वाट करून देतात. तुंबलेलें मूत्रपिंड पोट न फाडतां असें मोकळें करण्याची रीत अमेरिकेंतील डॉ. विलर्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केली.

सुईचा आंकडा उलटा चालतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. गेज वाढलें कीं सुई बारीक. १८ गेजची सुई सुमारें १.२७ मिलिमीटर जाड, तर २१ गेजची सुमारें ०.८ मिलिमीटर.

बारीक सुईचा गुण उघड आहे. तान्ह्याचें मूत्रपिंड लहान. भोंवतीं चरबी थोडी, म्हणून तें सुईपुढें सरकतें. नेम चुकलाच, तरी बारीक सुईनें इजा कमी होते. पोकळी फारशी फुगलेली नसेल, तेव्हां तीच बरी. परंतु ती वांकते, आणि तिच्यांतून ०.०१८ इंचाची नाजूक तारच जाते. त्या तारेवरून एकदम नळी रेटली, तर तार मुडपते. म्हणून आधीं एक मधली बारीक नळी, मग जाड तार, आणि शेवटीं खरी नळी, अशा पायऱ्या वाढतात. तेवढ्यांत मूत्र गळून पोकळी मिटली, तर पुन्हां नेम धरणें कठीण. उलट १८ गेजच्या सुईंतून ०.०३५ इंचाची मजबूत तार पहिल्यानेंच जाते. मूत्रपिंड चांगलें फुगलेलें असेल व सोनोग्राफींत सुईचें टोंक स्पष्ट दिसत असेल, तर जाड सुईच काम लवकर उरकते.

सुई शिरते कोठून, यालाही महत्त्व आहे. मूत्रपिंडाच्या मागील बाजूस, बाहेरच्या कडेजवळ, मोठ्या रक्तवाहिन्या विरळ असलेला पट्टा मॅक्स ब्रोडेल यांनीं १९०१ सालीं दाखवून दिला. तेथून खालच्या पेल्यासारख्या कप्प्यांत सुई नेली, तर रक्तस्रावाचें भय कमी होतें.

घरांतील आजी गोधडीला दाभण घेते आणि मलमलीला बारीक सुई. कापड पाहूनच ती निवड करते. तेव्हां आईबापांनीं 'बारीक कीं जाड' हें विचारण्यापेक्षां 'पोकळी किती फुगली आहे, आणि या सुईनंतर पायऱ्या किती?' असें विचारावें. त्या उत्तरांतच बाळाच्या सुईची निवड आहे.