वाळूत रोवायची नळी : थोड्या भांडवलाचा एक जिन्नस

कपड्याच्या गादीवर बसणाऱ्याने गरवण्याच्या सामानावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचा भाचा रत्नागिरीस नळजोडणीचे काम करतो आणि पावसाळ्यात बांधकामे थांबली की त्याच्या हाताला काम नसते. आमच्या समाजात असे कारीगर घरोघर आहेत. हात हुशार, पण चार महिने रिकामा. त्या चार महिन्यांत बनवून ठेवता येईल आणि पाऊस सरल्यावर विकता येईल, असा जिन्नस आम्ही शोधत होतो.

भाट्ये, मांडवीच्या वाळूवर सुटीच्या दिवशी रॉड घेऊन गरवणारे दिसतात. गळ टाकला की तासन्‌तास वाट पाहायची. हात अवघडतो म्हणून माणूस रॉड वाळूवर ठेवतो, वाळू रिळात शिरते आणि रीळ करकरू लागते. दुकानात रॉड उभा ठेवण्याचे आधार मिळतात, पण साध्या माणसाला ते महाग वाटतात. म्हणजे गरज आहे, फक्त भाव जमत नाही. व्यापाऱ्याने अशीच जागा हेरावी.

पहिली खेप आम्ही लोखंडाची केली. तुकडा नळीचा, खाली सळईचे टोक वेल्ड केलेले, वर ऑइलपेंट. दिसायला मजबूत. महिनाभरात वाळूने रंग खरवडला आणि वेल्डिंगच्या जोडावर गंज धरला. "मामू, लोखंडाला समुद्र खातो," असे भाचा आधीच म्हणाला होता, आम्हीच ऐकले नाही. जे परत घेऊन आले त्यांना पैसे परत दिले. ऐब आमच्या मालात होता, गिऱ्हाईकात नव्हता.

मग पीव्हीसी पाइप घेतला, पाण्याचा, बाहेरून ५० मिलिमीटर जाडीचा. रॉडचा दांडा त्यात सहज बसतो. विजेच्या वायरीसाठी येतो तो पातळ पाइप अजिबात घेऊ नये, तो वाकतो. पाण्याच्या पाइपवर दाबाचा आकडा छापलेला असतो, त्यात वरच्या दाबाचा घ्यावा, त्याची भिंत जाड असते.

खरी गंमत कापण्यात आहे. एक टोक तिरपे हवे, म्हणजे ते वाळूत घुसते. दुसरे सरळ, ते तोंड. भाचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजून टोक छाटत होता आणि छाटलेले फुकट जात होते. आम्ही त्याला कळीदार कुर्त्याची आठवण दिली. शिंपी कळ्या एकीचे डोके दुसरीच्या पायाशी लावून कापतो, म्हणून कापड वाया जात नाही. इथेही तेच. ६ मीटर पाइपचे ७५ सेंटिमीटरचे ८ तुकडे होतात. एक काप तिरपा, पुढचा सरळ, पुन्हा तिरपा. तिरप्या कापात एकदम दोन नळ्यांची टोके तयार होतात, सरळ कापात दोघींची तोंडे. अशा ७ कापांत, ४ तिरपे आणि ३ सरळ, ८ नळ्या निघतात. वाया जातो तो फक्त करवतीचा भुसा. तिरपा काप मात्र लांबट घ्यावा, सुमारे १० सेंटिमीटर अंतरात उतरणारा. कमी उताराचे टोक ओल्या वाळूत अडते.

हात चुकू नये म्हणून दोन फळ्या ठोकून पन्हळ करावी, तिच्या कडांना करवतीच्या खाचा पाडाव्यात. मग शिकाऊ पोरगाही तेच माप कापतो.

तोंडाला रिळाचा पाय बसेल एवढी उभी खाच पाडून कड पॉलिश पेपरने घासावी. तोंडाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर आरपार भोक पाडून बांबूची खुंटी घालावी, दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर राहील अशी. रॉडचा बुडखा तिच्यावर टेकतो, आणि तीच दोन्ही हातांनी धरून नळी पिळत वाळूत उतरवता येते. इथे बोल्ट घातला असता तर तो गंजला असता. खुंटी मोडली तर दुसरी फुकट मिळते.

सुरुवातीला आम्ही तोंड रुंद करण्यासाठी पाइप शेगडीवर तापवला. धुराने डोळे झोंबले, घसा धरला. पीव्हीसीत क्लोरीन असते, जळले की आम्लाचा धूर सुटतो. तोंड रुंद करण्याची मुळात गरजच नव्हती, ते काम आम्ही काढून टाकले. भुसाही जाळू नये.

हिशोबाविषयी थोडे. आपला कारीगर पाइपच्या भावाला आठाने भागतो, वर चार पैसे चढवतो आणि स्वतःची मजुरी विसरतो. मजुरी, बांबू, वाहतूक, दहात एखादी फुटेल तिचे नुकसान, हे सारे आधी धरावे, मग नफा. त्यातही किंमत लोखंडी आधाराच्या पुष्कळ खाली राहते.

विकताना दोन गोष्टी तोंडाने सांगाव्यात. एक, नळी दगडाने ठोकू नये, तडकते. दोन, उन्हात वर्षानुवर्षे राहिली तर पीव्हीसी ठिसूळ होते, घरी सावलीत ठेवावी. ओल्या धान्याची हदीस आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? भाच्याला भीती होती की हे ऐकून गिऱ्हाईक जाईल. एकजण गेला खरा. बाकीच्यांनी घेतल्या.

एक अडचण आम्हाला अजून सुटलेली नाही. ही नळी वाळूची आहे, खडकावर तिचा उपयोग नाही. जेटीच्या कठड्याला ती दोन ठिकाणी दोरीने बांधता येते, पण उघड्या कातळावर काय करावे? दगड भरायची पिशवी लावून पाहिली, लाटेने ती कलंडली. कोणा कारीगर भावाला स्वस्तातली युक्ती सुचली असेल तर त्याने या पानाकडे लिहून कळवावे.