जुन्या रूपातलं नवं डाइव्ह वॉच: तबकडीवरच्या '२०० मीटर'चा खरा अर्थ काय?

घड्याळांचे व्हिडिओ बघत असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. नवीन निघणारी बरीच डाइव्ह घड्याळं मुद्दाम जुनी दिसतात. फुगीर काच, पिवळसर खुणा, आटोपशीर बॉडी. आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखी. माझ्याकडेही असंच एक आहे. सेइकोने १९६५ मध्ये जपानचं पहिलं डाइव्ह घड्याळ काढलं होतं, त्याच्यावरून २०२० मध्ये बेतलेलं हे मॉडेल. जुनं १५० मीटरचं होतं, हे २०० मीटरचं. दोन वर्षं रोज वापरतोय.

आधी 'डाइव्ह' म्हणजे काय ते बघू. १९५३ मध्ये ब्लाँपाँचं 'फिफ्टी फॅदम्स' आलं आणि रोलेक्सचं 'सबमरीनर'ही त्याच सुमाराचं. तेव्हा पाणबुड्यांकडे कॉम्प्युटर नव्हता. टाकीतली हवा किती वेळ पुरेल याचा हिशोब मनगटावरच ठेवायचा. त्यासाठी काचेभोवती फिरणारी कडी असते, तिला बेझल म्हणतात. पाण्यात उतरताना बेझलवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग किती मिनिटं झाली ते थेट दिसतं. आजच्या घड्याळात ही कडी एकाच बाजूला फिरते. का? समजा, ती खडकाला लागून सरकली, तर जास्त वेळ झाल्याचं दाखवेल, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस फार तर लवकर वर येईल. मला हे डिझाइन भारी वाटतं. माझ्या बेझलचा उपयोग मुख्यतः पार्किंगची मिनिटं मोजायला होतो, ते सोडा.

पिवळसर खुणांचीही गंमत आहे. आपण गाडीवरच्या चमकत्या स्टिकरलाही 'रेडियम' म्हणतो. पूर्वी घड्याळात खरंच रेडियम असायचं! पुढे ट्रिटियम आलं आणि १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेला, उजेड साठवणारा रंग आला. जुना रंग वयोमानाने पिवळा पडायचा, नवा रंग कारखान्यातच पिवळा करून लावतात. काहींना हे नाटक वाटतं. मला चालतं, कारण खरं जुनं रेडियम चमकायचं थांबलं तरी किरणं सोडतच राहतं. त्याचं प्रमाण अर्धं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. असं घड्याळ हाती आलं तर उघडून रंग खरवडू नका.

मग खरं जुनंच का घेऊ नये?

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, कारण मी राहतो बुधवार पेठेत आणि जुना बाजार काही लांब नाही. तिथे 'फाव्र-लुबा' नाव असलेली घड्याळं दिसतात. या स्विस कंपनीचं भारताशी नातं १८६५ पासूनचं, मुंबईतून सुरू झालेलं. तिने १९६४ मध्ये 'डीप ब्लू' काढलं आणि १९६८ मध्ये 'बॅथी', ज्यात पाण्याची खोली दाखवणारा यांत्रिक काटा होता. २०११ मध्ये ही कंपनी टायटनने घेतली, २०२३ मध्ये इथॉसकडे गेली आणि २०२४ मध्ये 'डीप ब्लू' नव्या अवतारात परत आलं.

पण बाजारातल्या स्वस्त तुकड्यांत तबकडी भडक रंगात पुन्हा छापलेली, काटे एकाचे, बॉडी दुसऱ्याची असा प्रकार फार. जगभरचे संग्राहक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. शोभेला घ्या, हरकत नाही. पण त्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणून नळाखालीसुद्धा धरू नका.

पाणी अडवतं कोण?

आता मुख्य मुद्दा. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार जादा दाब. तबकडीवर '३० मीटर' असेल तर तीन बारचा दाब त्याने चाचणीत सहन केला, एवढाच अर्थ. ते घालून ३० मीटर खाली जायचं नसतं. हात धुताना शिंतोडे उडाले, पावसात थोडं भिजलं, इथपर्यंत ठीक. आयएसओ ६४२५ हा खास डाइव्ह घड्याळांचा निकष कडक आहे. किमान १०० मीटर, वर नमूद खोलीच्या सव्वापट दाबाची चाचणी आणि तीही प्रत्येक घड्याळाची, नमुन्यादाखल चार-दोन घड्याळांची नाही.

पण हा दाब अडवतात त्या आतल्या रबरी रिंगा. मागचं झाकण, काच आणि चावी, तिन्ही ठिकाणी रिंग असते. रबर वाळतं, चपटं होतं. साबण, घाम आणि गरम पाण्याची वाफ त्याला आवडत नाही. फोनच्या आयपी६८ चं तेच आहे, म्हणून फोन कंपन्याही लिहितात की हे संरक्षण कायमचं नाही.

माझ्या एका मित्राने क्वार्ट्झ डाइव्ह घड्याळाचा सेल बदलून घेतला. पाच मिनिटांचं काम. झाकण उघडलं, सेल टाकला, झाकण दाबलं. पुढच्याच महिन्यात तारकर्लीला स्कूबा केलं आणि काचेला आतून वाफ. दोन दिवसांत काटे थांबले. घड्याळ वडिलांनी नोकरी लागली तेव्हा दिलेलं होतं, म्हणून तो नवीनही घेईना. सर्किट गंजलं होतं. रिंग किती रुपयांची असते ते विचारूच नका.

आमच्या पेठेत एक घड्याळजी काका आहेत. माझ्या घड्याळाची चाचणी त्यांनी माझ्यासमोर केली. एका छोट्या पेटीत घड्याळ ठेवून हवेचा दाब बदलतात. बॉडी केसाहून बारीक हलते आणि सुई ते मोजते. हवा आत-बाहेर झाली की आकडा घसरतो. पाणी लागतच नाही. मी म्हटलं, "काका, दरवर्षी करायची?" ते म्हणाले, "पोहणार असशील तर कर. नुसतं मिरवणार असशील तर रिंग तेवढी वेळेवर बदल."

तेव्हा सेल टाकायला द्याल तेव्हा उघडण्याआधीच विचारा: रिंग बदलणार का आणि प्रेशर टेस्ट होते का? "टाइट बसवलंय, काही होत नाही" असं उत्तर आलं तर सेल टाकून घ्या, पण पोहताना घड्याळ काढून ठेवा. स्क्रूची चावी पूर्ण आवळलीय ना, हे पाण्यात जाण्याआधी बोटाने तपासा आणि पाण्यात असताना तिला हात लावू नका. समुद्रातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर बेझलखाली मीठ साचून ती अडकते.

वेळेच्या बाबतीत फोनच जिंकतो, हेही सांगून ठेवतो. माझं घड्याळ दिवसाला आठेक सेकंद पुढे जातं, महिन्याला चार मिनिटं. कंपनीच्या मर्यादेत आहे ते. दर एक तारखेला फोन बघून लावतो, आणि चावी परत आवळतो.